एक प्रोग्राम, अनेक यंत्रे: प्लॅटफॉर्ममधील फरक आणि प्रीप्रोसेसर मॅक्रो

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला थेट कळत नाही. कंपायलर आधी त्याचे त्या प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करतो. यंत्र बदलले की कंपायलर बदलतो आणि त्याच्याबरोबर आणखीही बरेच काही बदलते. पूर्णांकाला किती बिट मिळतात, संख्येचे बाइट मेमरीत कोणत्या क्रमाने बसतात, फाइल उघडायला किंवा दोन सेकंद थांबायला कोणते फंक्शन बोलवायचे, हे सगळे यंत्रागणिक वेगळे असते. प्रोग्रामच्या बहुतांश भागाला या फरकांशी देणेघेणे नसते. थोडा भाग मात्र प्रत्येक यंत्रासाठी निराळा लिहावा लागतो. हे निराळे भाग एकाच सोर्स कोडमध्ये ठेवायचे आणि कंपाइल करताना त्यांतला हवा तेवढाच उचलायचा, ही सोय प्रीप्रोसेसर मॅक्रो पुरवतात. अशा प्लॅटफॉर्मनिहाय फरकांना प्रोग्राममध्ये एकच ठरलेली जागा दिली, तर मॅक्रो उपयोगी पडतात. ते प्रोग्रामभर विखुरले, तर तेच मॅक्रो प्रोग्राम वाचणे आणि तपासणे अशक्य करून ठेवतात.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाचे रूप रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये दिसते. बजाज ऑटोचा वाळूज कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या अवतीभवती सुट्या भागांचे उद्योग वाढले आणि कामगार-कर्मचाऱ्यांची बजाजनगर ही मोठी वस्ती उभी राहिली. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयेही याच वसाहतीत आहेत. कारखाना सुरू झाला त्या काळातल्या स्कूटरमध्ये प्रोग्राम नावाची वस्तूच नव्हती. कार्ब्युरेटर, केबल आणि काट्याचा स्पीडोमीटर एवढ्यावर गाडी चाले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस ही ब्रेक-प्रणाली सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाक्यांमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आले. आता इंजिनाचा नियंत्रक, एबीएस आणि डिजिटल मीटर या प्रत्येकाच्या पोटात एक मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्राम बहुधा सी भाषेतला असतो.

असा प्रोग्राम एकाच यंत्रासाठी लिहून भागत नाही. उदाहरणादाखल डिजिटल मीटर घेता येईल. त्याचा प्रोग्राम शेवटी मीटरमधल्या चिपवर चालायचा असतो. पण त्यातली हिशेबाची फंक्शन आधी अभियंत्याच्या विंडोज लॅपटॉपवर तपासली जातात, कारण तिथे चूक शोधणे सोपे जाते. रात्री हीच तपासणी लिनक्स सर्व्हरवर आपोआप चालवली जाते. पुढे स्वस्त मॉडेलसाठी छोटी चिप आणि महाग मॉडेलसाठी मोठी चिप घेतली, तर एकाच सोर्स कोडची चार ठिकाणी चार रूपे तयार करावी लागतात.

फरक नेमके कुठे असतात

पहिला फरक आकाराचा. सी भाषेतील ‘इंट’ या प्रकाराला किमान १६ बिट मिळतात एवढीच हमी भाषा देते. लॅपटॉपवर त्याला ३२ बिट मिळतात, लहान मायक्रोकंट्रोलरवर बऱ्याचदा १६. सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. गाडीचे एकूण अंतर किलोमीटरमध्ये ‘इंट’मध्ये साठवले, तर लॅपटॉपवरच्या सर्व चाचण्या पार पडतील. मीटरमधल्या लहान चिपवर मात्र ४०,००० किलोमीटरच्या जागी सहसा उणे २५,५३६ हा आकडा उमटेल. बजाजनगर ते शहर रोज ये-जा करणाऱ्याची दुचाकी हा टप्पा काही वर्षांत गाठते, म्हणजे चूक उघडी पडेपर्यंत तोच प्रोग्राम हजारो गाड्यांमध्ये गेलेला असतो. ‘लाँग’ या प्रकारातही असाच भेद आहे: ६४-बिट लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा.

दुसरा फरक बाइटच्या क्रमाचा. एका बाइटमध्ये न मावणारी संख्या मेमरीत ठेवताना काही प्रोसेसर मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात, काही लहान किमतीचा. वाहनांच्या निदानासाठी ओबीडी ही पद्धत वापरली जाते. तिच्यात इंजिनाचे फेरे दोन बाइटमध्ये पाठवतात. पहिल्या बाइटला २५६ ने गुणायचे, दुसरा त्यात मिळवायचा आणि बेरजेला ४ ने भागायचे. बाइट १५ आणि १६० असतील तर बेरीज ४,००० येते आणि फेरे मिनिटाला १,००० ठरतात. हेच बाइट उलट क्रमाने वाचले तर बेरीज ४०,९७५ होते आणि संथ चालणारे इंजिन मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेताना दिसते.

हा फरक मोठ्या यंत्रांनाही चुकत नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर चिपवर चाले आणि त्या चिप लहान बाइट आधी ठेवत. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले, त्यांचा क्रम मोठा बाइट आधी असा होता. त्यानंतरच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर ४ प्रोसेसर होते आणि क्रम तोच राहिला. २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन प्रोसेसर बसले आणि क्रम पुन्हा उलटला. हवामान किंवा रेणूरचनेचे तेच गणित अशा एकामागून एका यंत्रावर नेताना, जुन्या यंत्राने लिहिलेल्या डेटा-फाइल नव्या यंत्राने नीट वाचाव्यात याची काळजी प्रोग्रामनेच घ्यायची असते.

तिसरा फरक ऑपरेटिंग सिस्टिमचा. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस यांची फाइल, नेटवर्क, वेळ आणि थ्रेड हाताळणारी फंक्शन निरनिराळी आहेत. लहान मायक्रोकंट्रोलरवर तर अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिमच नसते आणि वेळ मोजायची तर चिपमधल्या टायमरचे रजिस्टर थेट वाचावे लागते.

चौथा फरक खुद्द कंपायलरचा. एखादे फंक्शन मेमरीच्या ठरावीक भागात ठेवा किंवा एखाद्या रचनेतले घटक मध्ये जागा न सोडता लावा, हे प्रत्येक कंपायलरला वेगळ्या शब्दांत सांगावे लागते.

प्रीप्रोसेसर काय करतो

कंपायलर सोर्स कोडचा अर्थ लावण्यापूर्वी प्रीप्रोसेसर त्या मजकुरावरून एकदा फिरतो. हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी त्याच्यासाठी असतात. ‘#इन्क्लूड’ दिसले की तो सांगितलेल्या फाइलचा मजकूर तिथे आणून ठेवतो; अशा फाइलला बहुधा हेडर फाइल म्हणतात. ‘#डिफाइन’ने ठरवलेले नाव पुढे जिथे येईल तिथे तो ठरलेला मजकूर भरतो, आणि या नावालाच मॅक्रो म्हणतात. ‘#इफ’, ‘#इफडेफ’, ‘#एलिफ’, ‘#एल्स’ आणि ‘#एन्डइफ’ यांच्या आधारे तो मजकुराचा काही भाग ठेवतो आणि काही वगळतो. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये हे सर्व शब्द रोमन लिपीत लिहितात. या प्रकरणात ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

प्रीप्रोसेसरला सी भाषेचे व्याकरण कळत नाही. चल कोणत्या प्रकारचा आहे, कंस फंक्शनचा आहे की अटीचा, याच्याशी त्याचा संबंध नसतो. तो फक्त शब्द बदलतो, शब्द ठेवतो किंवा काढतो. जीसीसी या कंपायलरला ‘-ई’ हा पर्याय दिला की प्रीप्रोसेसरच्या हातून गेलेला मजकूर जसाच्या तसा समोर येतो. एखादा मॅक्रो अनपेक्षित वागू लागला, तर तो मजकूर वाचणे हा चूक शोधण्याचा सर्वांत जवळचा मार्ग असतो.

ही सोय सी भाषेच्या बालपणीच आली. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी घडवली आणि १९७२-७३ च्या सुमारास, काही अंशी अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे, तिला प्रीप्रोसेसर मिळाला. सुरुवातीला त्यात दुसरी फाइल आणणे आणि साधी अदलाबदल एवढेच होते. माइक लेस्क आणि नंतर जॉन रायझर यांनी त्यात मूल्ये घेणारे मॅक्रो आणि अटींनुसार कंपाइल करण्याची सोय घातली. १९७३ मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिले गेले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या रचनेच्या यंत्रावर नेण्यात आले, तेव्हा यंत्रागणिक बदलणारे काय आणि न बदलणारे काय हे स्वच्छ वेगळे करण्याची गरज प्रकर्षाने पुढे आली. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने प्रीप्रोसेसरचे नियम पक्के केले.

अट कशी लिहिली जाते

वाळूजच्या कारखान्यातली रिक्षा पेट्रोलची की सीएनजीची, हे जुळणी होतानाच ठरते. पेट्रोलच्या रिक्षात सीएनजीची टाकी नसतेच, त्यामुळे तिचे वजनही गाडीला वाहावे लागत नाही. सीएनजी रिक्षात मात्र अडीअडचणीसाठी थोडे पेट्रोल ठेवतात आणि दोन्हींपैकी कोणते इंधन वापरायचे हे चालक रस्त्यात ठरवतो. प्रीप्रोसेसरची ‘#इफ’ ही पहिल्या प्रकारचा निर्णय घेते. वगळलेला भाग तयार प्रोग्राममध्ये उतरतच नाही. सी भाषेतली नेहमीची ‘इफ’ दुसऱ्या प्रकारची आहे. तिचे दोन्ही पर्याय प्रोग्रामसोबत जातात आणि निवड प्रोग्राम चालताना होते. विंडोजचे फंक्शन लिनक्सवर अस्तित्वातच नसते, त्यामुळे नुसत्या ‘इफ’ने काम भागत नाही, कंपायलर त्या ओळीवरच अडतो. शिवाय काही किलोबाइट मेमरीच्या चिपवर न लागणारा प्रत्येक बाइट बाहेर ठेवणे फायद्याचे ठरते.

दोन सेकंद थांबायचे, एवढ्या साध्या कामातही हा फरक जाणवतो:

#इफडेफ _विन३२
    स्लीप(२०००);
#एल्स
    स्लीप(२);
#एन्डइफ

दोन्ही नावांचा उच्चार एकच असला तरी रोमन लिपीत विंडोजच्या नावाचे पहिले अक्षर मोठे असते आणि युनिक्स परंपरेतल्या नावाचे लहान. ही दोन वेगळी फंक्शन आहेत. विंडोजचे फंक्शन मिलिसेकंद घेते, लिनक्सचे सेकंद. विंडोजसाठीचा २००० हा आकडा चुकून लिनक्सच्या फंक्शनला दिला गेला, तर प्रोग्राम ३३ मिनिटे २० सेकंद थांबून राहतो आणि कंपायलर त्याबद्दल तक्रार करत नाही. तेव्हा प्लॅटफॉर्म बदलताना नावाबरोबर एकक, चूक झाल्याचा संकेत देण्याची रीत आणि परत येणारे मूल्य या सगळ्यांची पडताळणी करावी लागते.

यंत्र स्वतःची ओळख कशी सांगते

वरच्या उदाहरणातला ‘_विन३२’ हा मॅक्रो प्रोग्राममध्ये कोणी लिहिलेला नाही. विंडोजसाठी काम करणारे कंपायलर तो आपणहून ठरवतात. लिनक्ससाठी ‘__लिनक्स__’, अ‍ॅपलसाठी ‘__अ‍ॅपल__’, अँड्रॉइडसाठी ‘__अँड्रॉइड__’ असे मॅक्रो असतात. कंपायलरची ओळख ‘__जीएनयूसी__’ किंवा ‘_एमएससी_व्हर’ यांवरून पटते आणि भाषेच्या प्रमाणकाची आवृत्ती ‘__एसटीडीसी_व्हर्जन__’ सांगतो. प्रोसेसरच्या घराण्यांचेही असेच मॅक्रो आहेत. जीसीसीकडून ही सगळी यादी छापून घेता येते आणि ती शेकडो ओळींची भरते.

या ओळखपत्रांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘_विन३२’ हा मॅक्रो ६४-बिट विंडोजवरही असतो. फक्त ६४-बिट ओळखायला ‘_विन६४’ लागतो. अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे, म्हणून तिथे ‘__लिनक्स__’ही असतो. अँड्रॉइडची अट लिनक्सच्या आधी विचारली नाही, तर प्रत्येक अँड्रॉइड फोन साधा लिनक्स संगणक समजला जातो. क्लँग हा वेगळा कंपायलर असूनही जीसीसीशी सुसंगती राखण्यासाठी ‘__जीएनयूसी__’ ठरवतो. म्हणून अशा अटी नेहमी विशेषाकडून सामान्याकडे लावतात.

मायक्रोकंट्रोलरच्या जगात याचा चांगला नमुना आर्म कंपनीच्या सीएमएसआयएस या संचात मिळतो. आर्मचे कॉर्टेक्स-एम गाभे असलेल्या चिप अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्यासाठी कंपायलरही अनेक आहेत. सीएमएसआयएसमधल्या एका छोट्या हेडर फाइलमध्ये अटींची एकच साखळी आहे: आर्मचा जुना कंपायलर आहे का, आर्मचा नवा आहे का, जीसीसी आहे का, आयएआर आहे का, अशी विचारणा क्रमाने होते आणि ज्याचे उत्तर होकारार्थी येईल त्याची हेडर फाइल जोडली जाते. आर्मचा नवा कंपायलर क्लँगवर बेतलेला असल्याने त्याची अट जीसीसीच्या आधी ठेवली आहे. साखळीच्या शेवटी ‘#एरर’ आहे. कोणताच कंपायलर ओळखीचा निघाला नाही, तर काम तिथेच थांबते आणि कंपायलर अनोळखी असल्याचा संदेश येतो. अंदाजाने पुढे जाण्यापेक्षा तिथेच थांबणे केव्हाही सुरक्षित असते. वाहनाच्या प्रोग्राममध्ये तर ते आवश्यकच मानायला हवे.

नावापेक्षा क्षमता

यंत्राचे नाव विचारून निर्णय घेण्यात एक मूळचीच उणीव आहे. ‘लिनक्स असेल तर हे फंक्शन वापर’ असे लिहिणाऱ्याला खरे तर ‘हे फंक्शन उपलब्ध असेल तर वापर’ असे म्हणायचे असते. पुढच्या आवृत्तीत ते फंक्शन दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही आले, किंवा जुन्या लिनक्सवर ते नसलेच, तर नावावर बांधलेली अट खोटी पडते. एखादी नवी सिस्टिम आली, की नावांच्या प्रत्येक यादीत तिची भर घालत बसावे लागते.

यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फची सुरुवात केली. प्रोग्राम कंपाइल होण्यापूर्वी एक स्क्रिप्ट त्या यंत्रावर छोटे-छोटे चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून आणि गरज पडल्यास चालवून पाहते. अमुक फंक्शन जोडले जाते का, अमुक हेडर सापडते का, ‘लाँग’ किती बाइटचा आहे, हे ती तपासते. निष्कर्ष ‘हॅव्ह_’ने सुरू होणाऱ्या मॅक्रोंच्या रूपात एका कॉन्फिग हेडरमध्ये लिहिले जातात. मूळ प्रोग्राम यंत्राचे नाव विचारत नाही. त्या हेडरमधली क्षमता विचारतो. सीमेक हे आज जास्त वापरले जाणारे साधनही हेच काम करते. सी++ मध्ये २०१७ च्या प्रमाणकापासून आणि सी भाषेत सी-२३ या प्रमाणकापासून एखादी हेडर फाइल आहे का हे विचारण्याची सोय प्रीप्रोसेसरलाच मिळाली आहे.

मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत मात्र अशी चाचणी नेहमी करता येत नाही. प्रोग्राम लॅपटॉपवर कंपाइल होतो आणि चालतो दुसऱ्याच चिपवर, त्यामुळे चाचणी-प्रोग्राम चालवून उत्तर मिळवणे शक्य नसते. तिथे प्रत्येक चिपसाठी तिच्या क्षमतांची नोंद असलेली हेडर फाइल हाताने लिहून ठेवतात आणि बांधणीच्या वेळी त्यांतली एक निवडतात.

फरकांना एकच घर

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी सी न्यूज हे सॉफ्टवेअर अनेक प्रकारच्या युनिक्सवर नेले. त्या अनुभवावर १९९२ मध्ये त्यांनी एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष ठाम होता: मुख्य कोडच्या मधोमध पेरलेले ‘#इफडेफ’ सॉफ्टवेअरला दुसऱ्या यंत्रावर जाण्यायोग्य करत नाहीत, उलट ते वाचता आणि सुधारता येईनासे करतात. लिनक्सच्या गाभ्याची लेखनशैली ठरवणारा दस्तऐवजही हेच बजावतो. सोर्स फाइलमध्ये अटी टाळाव्यात, त्या हेडरमध्ये न्याव्यात आणि एखादी सोय नसेल तेव्हा तिच्या जागी काहीही न करणारे रिकामे फंक्शन द्यावे, म्हणजे ते बोलवणाऱ्या कोडला अट लिहावीच लागत नाही.

मीटरच्या उदाहरणात याचा अर्थ असा होतो. मुख्य कोडमध्ये सर्वत्र ‘थांबा_मिलिसेकंद(२०००)’ एवढेच लिहायचे. या फंक्शनची घोषणा एका हेडरमध्ये एकदाच असते. त्याचा प्रत्यक्ष कोड विंडोजसाठी एका फाइलमध्ये, लिनक्ससाठी दुसऱ्या आणि चिपसाठी तिसऱ्या फाइलमध्ये असतो. कोणती फाइल जोडायची हे बांधणीचे साधन ठरवते. एकक मिलिसेकंद आहे हे नावातच आले, त्यामुळे ३३ मिनिटे थांबण्याची चूक मुख्य कोडमध्ये शिरायला जागा उरत नाही. नवी चिप आली तर एक नवी फाइल लिहायची आणि बाकीच्या कोडला हात लावायचा नाही.

वाहनउद्योगाने ही शिस्त मानकाच्या पातळीवर नेली. २००३ मध्ये सुरू झालेल्या ऑटोसार या भागीदारीने वाहनातील सॉफ्टवेअरचे थर आखून दिले. पुण्यात मुख्यालय असलेली केपीआयटी ही कंपनी या क्षेत्रातील जाणकारांपैकी एक आहे. ऑटोसारच्या रचनेत प्रोसेसरचे वेगळेपण ‘प्लॅटफॉर्म_टाइप्स’ या हेडरमध्ये असते. प्रोसेसर किती बिटांचा आहे हे तिथला एक मॅक्रो सांगतो, बाइटचा क्रम दुसरा सांगतो आणि ठरावीक आकाराच्या पूर्णांकांची नावेही तिथेच ठरतात. कंपायलरचे वेगळेपण ‘कंपायलर’ नावाच्या दुसऱ्या हेडरमध्ये असते. ब्रेक किंवा इंजिनाचे गणित लिहिणाऱ्याला या दोन फाइल उघडाव्या लागू नयेत, अशी ही मांडणी आहे.

२०२१ आणि २०२२ च्या जागतिक चिपटंचाईत या शिस्तीचे मोल पैशांत दिसले. ठरलेली चिप मिळेना तेव्हा वाहन कंपन्यांसमोर उत्पादन कमी करणे किंवा दुसरी चिप वापरणे हेच मार्ग उरले. टेस्लाने पर्यायी चिप घेऊन काही आठवड्यांत त्यांच्यासाठी फर्मवेअर लिहिल्याचे २०२१ मध्ये सांगितले. भारतातल्या दुचाकी उद्योगालाही या टंचाईची झळ बसली. चिप बदलणे हे आधी वायरिंगचे आणि परवानग्यांचे काम असते. पण ज्या प्रोग्राममध्ये चिपची खासियत शंभर ठिकाणी विखुरलेली असते, तिथे हेच काम सर्वांत लांबते.

मॅक्रोचे धोके

प्रीप्रोसेसर फक्त मजकूर बदलतो, यातच पहिला धोका आहे. ‘वर्ग(क्ष)’ म्हणजे ‘क्ष * क्ष’ असा मॅक्रो केला आणि त्याला ‘२ + ३’ दिले, तर मजकूर ‘२ + ३ * २ + ३’ असा होतो आणि उत्तर २५ ऐवजी ११ येते. म्हणून मॅक्रोतील प्रत्येक मूल्याला आणि संपूर्ण मॅक्रोलाही कंस घालतात. तरीही आत दिलेले मूल्य दोनदा काढले जाण्याचा दोष उरतोच. मिस्रा सी ही वाहनउद्योगात रुळलेली नियमावली पहिल्यांदा १९९८ मध्ये आली. जिथे फंक्शनने काम भागते तिथे मूल्ये घेणारा मॅक्रो लिहू नये, असे ती सुचवते.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. ‘#इफ’च्या अटीत आलेले नाव कुठेच ठरवलेले नसेल, तर प्रीप्रोसेसर त्याची किंमत मुकाट्याने शून्य धरतो. बाइटचा क्रम ओळखण्यासाठी पुष्कळ ठिकाणी अशी अट दिसते:

#इफ __बाइट_ऑर्डर__ == __ऑर्डर_बिग_एंडियन__

जीसीसी आणि क्लँग ही दोन्ही नावे ठरवतात, त्यामुळे तिथे उत्तर बरोबर येते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर यांपैकी एकही ठरवत नाही. तिथे अट ‘शून्य बरोबर शून्य’ अशी होऊन खरी ठरते आणि लहान बाइट आधी ठेवणारा विंडोज संगणक उलट क्रमाचा मानला जातो. कुठलाही इशारा येत नाही, फक्त आकडे चुकतात. नाव लिहिताना एक अक्षर चुकले तरी हेच घडते. जीसीसीचा ‘-डब्ल्यूअनडेफ’ हा पर्याय अशा नावांबद्दल इशारा देतो, आणि अटीत येणारे प्रत्येक नाव आधी ठरवलेले असावे असा मिस्रा सीचा नियमच आहे.

तिसरा धोका न तपासलेल्या कोडचा. प्रीप्रोसेसरने वगळलेला भाग कंपायलर पाहतही नाही. विंडोजवर काम करणाऱ्याने लिनक्सच्या भागात अर्धविराम गाळला, तर त्याच्या यंत्रावर सगळे सुरळीत चालते आणि चूक दुसऱ्याच्या यंत्रावर उघड होते. होय किंवा नाही अशा दहा स्वतंत्र अटी असतील तर प्रोग्रामची १,०२४ वेगळी रूपे होऊ शकतात. लिनक्सच्या गाभ्यात तर दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. सगळी रूपे तपासणे कोणालाच शक्य नाही. म्हणून तिथे यादृच्छिकपणे पर्याय निवडून गाभा कंपाइल करून पाहण्याची पद्धत आहे. लहान प्रकल्पात अटी कमी ठेवणे आणि ज्या-ज्या यंत्रासाठी प्रोग्राम द्यायचा त्या प्रत्येकासाठी तो रोज आपोआप कंपाइल करून पाहणे, हा व्यवहार्य मार्ग आहे.

मॅक्रोवाचून सुटणारे फरक

अनेक फरकांना मॅक्रोची गरजच नसते. पूर्णांकाच्या आकाराचा प्रश्न सी-९९ या प्रमाणकाने सोडवला. त्यातल्या हेडरमध्ये ‘इंट३२_टी’, ‘यूइंट१६_टी’ असे नेमक्या बिटांचे प्रकार आहेत. गाडीचे अंतर बत्तीस बिटांच्या प्रकारात ठेवले, की ते लॅपटॉपवर आणि चिपवर सारखेच वागते.

बाइटच्या क्रमाचे बरेच प्रश्नही असेच सुटतात. ओबीडीकडून आलेले दोन बाइट मेमरीत शेजारी ठेवून त्यांना एक संख्या समजणे, हेच त्या चुकीचे मूळ असते. त्याऐवजी पहिला बाइट घेऊन २५६ ने गुणावा आणि दुसरा मिळवावा. हे गणित प्रोसेसर कोणत्याही क्रमाने बाइट ठेवणारा असला तरी ४,०००च देते. प्रोसेसरची ओळख विचारावी लागत नाही, अट लिहावी लागत नाही आणि ‘शून्य बरोबर शून्य’चा सापळाही टळतो.

गाडी कोणत्या देशात विकायची, मीटरवर कोणती भाषा दाखवायची, हे मुळात प्लॅटफॉर्मचे फरकच नव्हेत. त्यांच्यासाठी कंपाइल करतानाच्या अटी वापरल्या, तर प्रत्येक मॉडेलचा वेगळा प्रोग्राम सांभाळावा लागतो. मेमरी पुरेशी असेल तर ही निवड चिपमध्ये साठवलेल्या सेटिंगवरून प्रोग्राम चालताना करणे सोयीचे असते. मेमरी अपुरी असेल, तेव्हा मात्र न लागणारा भाग कंपाइल करतानाच वगळणे हाच मार्ग राहतो.

त्यामुळे एखादा फरक समोर आला की निर्णयाचा क्रम ठरून जातो. आधी तो प्रमाणित भाषेतच मिटतो का ते पाहायचे. मिटत नसेल तर तो एका फंक्शनमागे ठेवून प्रत्येक यंत्रासाठी वेगळी फाइल करायची. तेही जमत नसेल तेव्हा मॅक्रोची अट लिहायची. ती यंत्राच्या नावापेक्षा क्षमतेवर बेतायची, एकाच हेडरमध्ये ठेवायची आणि तिच्या शेवटी अनोळखी यंत्रासाठी ‘#एरर’ लिहायचा. या क्रमाने बांधलेला प्रोग्राम नव्या चिपवर न्यायचा झाला, तर कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे पहिल्याच दिवशी माहीत असते.